वरचं एक बटण

"बाबा, तुम्ही फक्त हरायचं," मुलगी फोनवर म्हणाली. "बाकीचं मी बघते."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. शिंपीकामात त्यांची हयात गेली होती आणि हरण्याचा सराव त्यांना गिऱ्हाइकांनी भरपूर दिला होता. पण हरायचं होतं व्याह्यांकडून, आणि ते कुणाच्या हातून काही घ्यायला तयार असतील तर ना.

मुलीच्या लग्नात व्याह्यांचा कोट मास्तरांनीच हौसेनं शिवला होता. सगळे फोटोसाठी उभे राहिले, व्याह्यांनी श्वास सोडला, आणि पोटावरचं बटण सुटून थेट विहीणबाईंच्या चष्म्यावर आपटलं. लोक हसले. व्याही वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात त्यांचा जन्म गेलेला. "माप चुकलं तुमचं," एवढंच ते म्हणाले आणि त्यानंतर काही बोललेच नाहीत. मास्तरांनी वाकून बटण शोधलं, खिशात टाकलं आणि तेही गप्प राहिले. तेव्हापासून मुलीच्या घरी त्यांचं जाणं-येणं बंद होतं. आता मुलीला दिवस गेले होते.

"बाळ आल्यावर तुम्ही दोघं काय दाराच्या दोन बाजूंना उभे राहणार?" ती म्हणाली. "रविवारी आमच्याकडे पोकर असतो. सासरेबुवा जिंकले की तासभर तरी माणसांत येतात. मात्र पानं टाकून मध्येच उठायचं नाही, ते त्यांना खपत नाही. आणि बटणांचा डबा आणा. आम्ही काडेपेटीच्या काड्यांवर खेळतो, त्या मोडतात."

हरायचं म्हटलं तरी माणूस कशानं हरतो ते माहीत हवं. दुकानातल्या इस्त्रीवाल्याला पोकर येत होता. जोडी, दोन जोड्या, एकासारखी एक तीन पानं, ओळीनं पाच पानं, असं चढत जायचं. यातलं काहीच जमलं नाही तर तुम्ही गेलात. मास्तरांनी ते घोकून पाठ केलं. आपल्याला शेवटचं वाक्य तेवढं सांभाळायचं आहे, हे त्यांनी मनाशी धरलं.

रविवारी दुपारी व्याह्यांनी दार उघडलं आणि मान हलवली. तेवढ्यावर मास्तर खूश झाले.

"नियम माहीत आहेत ना? आमच्याकडे जरा वेगळा खेळ असतो," पानं पिसता पिसता व्याही भिंतीला उद्देशून म्हणाले.

"म्हणजे काय, पाठ आहेत," मास्तर म्हणाले. विचारायला काय झालं होतं, असं आपण आता म्हणू. पण व्याह्यापुढे अडाणी ठरण्यापेक्षा माणूस खड्ड्यात पडणं पसंत करतो.

पहिल्याच डावात मास्तरांनी हातातला राजा टाकून दिला आणि बदली पान घेतलं. दुर्री, तिर्री, पंजी, सत्ती, अठ्ठी. याहून भिकार पानं शोधून सापडली नसती. ती त्यांनी समाधानानं उघडून ठेवली. व्याह्यांकडे एक्क्यांची जोडी होती. त्यांनी मधला बटणांचा ढीग दोन भागांत केला आणि एक भाग मास्तरांपुढे सरकवला.

पाहुणा म्हणून भीक घालताहेत, असं मास्तरांना वाटलं. "नको, नको, तुम्हीच ठेवा."

"नियम म्हणजे नियम," व्याह्यांच्या कपाळावर आठी चढली. "मला टोमणे नकोत."

पुढच्या डावात मास्तरांनी राणी टाकली आणि एक्का आला. एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी. एक्का तर सगळ्यांच्या वर असतो, म्हणजे ओळ तुटली, असा त्यांनी हिशोब केला.

"काहीच नाही माझ्याकडे," ते म्हणाले.

व्याह्यांनी पानांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "ओळ आहे. म्हणजे वरचा अर्धाही तुमचा आणि खालचा अर्धाही तुमचा." त्यांनी सगळा ढीग ढकलला. "थट्टा करायला आलात का?"

मास्तर पाणी पिण्याच्या निमित्तानं उठले. स्वयंपाकघरात मुलगी त्यांच्या मागोमाग आली.

"बाबा, जिंकताय काय?"

"मी काय करू? जितकं वाईट येईल तितकं ते मला देताहेत."

मुलीनं कपाळाला हात लावला. "आमच्यात ढीग वाटून जातो. अर्धा सगळ्यात चांगल्या पानांना, अर्धा सगळ्यात वाईट पानांना. फक्त वाईट असायचं तर नीट वाईट असावं लागतं. जोडी नको, अठ्ठीच्या वर काही नको. एक्का दोन्हीकडे चालतो."

"मग हरतं कोण?"

"मधले."

मास्तर पेला धरून क्षणभर उभे राहिले. मधल्यांना काही मिळत नाही, हे पत्ते हातात यायच्या कितीतरी आधीपासून त्यांना ठाऊक होतं. भांडणारं गिऱ्हाईक कोट फुकट नेई, मोठं गिऱ्हाईक आधी नेई, आणि जे मुकाट्यानं थांबत त्यांना मास्तर पुढच्या आठवड्यात बोलावत. ते स्वतःही असेच थांबलेले होते. त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि हरण्याची वाट एकदाची सापडली याचं हायसंही वाटलं.

पुढच्या डावात त्यांना तीन राण्या आल्या. त्यांनी दोन टाकल्या, अधलीमधली पानं ठेवली आणि रीतसर हरले. व्याही खरंच जरा सैलावले. पण पानं गोळा करताना त्यांनी जन्माच्या सवयीनं टाकलेली पानं उलटून पाहिली.

"तीन राण्या होत्या तुमच्याकडे."

व्याह्यांनी तिन्ही टेबलावर ओळीनं मांडल्या.

"मुद्दाम हरलात. मास्तर, हे खोटं माप आहे. मी लोकांची दुकानं बंद केली आहेत यासाठी."

"तुम्ही जिंकलात तर बोलाल, असं वाटलं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला नातवंडाला भेटायला यायचंय हो. दारातून परत जायचं नाही."

बाजूला बसलेल्या विहीणबाई चष्मा पुसू लागल्या. व्याह्यांनी पानं पुन्हा पिसली, नको तितका वेळ पिसली.

"एक डाव," ते म्हणाले. "खरा."

मास्तर खरा खेळले. व्याह्यांकडे तीन राजे निघाले. मास्तरांकडे सत्तीच्या आतली पाच साधी पानं. ढीग अर्धा-अर्धा झाला आणि एक बटण वर उरलं.

"वर उरलेलं एक वरच्या पानांना," व्याही म्हणाले. "तो नियम आहे." त्यांनी ते उचललं आणि उजेडात धरलं. राखाडी, चार भोकांचं, एका कडेला दोरा अजून अडकलेला. "हे तर माझ्या कोटाचं."

"डब्यातच पडलं होतं वाटतं," मास्तर म्हणाले. "आता नियमानंही तुमचंच झालं."

"माप चुकलं होतं तुमचं."

"माप बरोबर होतं," मास्तर म्हणाले. आजवर गिळलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं. "माप घेताना तुम्ही पोट आत ओढून उभे होतात."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मुलीचा बाप मी. व्याह्याला पोट सोडा म्हणून कसं सांगायचं?"

व्याही बटण टेबलावर ठेवून उठले. मग आत गेले आणि कोट घेऊन आले.

"चूक अर्धी-अर्धी," ते म्हणाले.

"आणि वर काही उरली तर?" विहीणबाईंनी विचारलं.

व्याह्यांनी टेबलावरच्या तीन राजांकडे पाहिलं. "वरच्याला," ते पुटपुटले.

मास्तरांनी खिशातून टेप काढली. व्याही हात पसरून उभे राहिले, सवयीनं श्वास आत घेतला, मग सुनेकडे एकदा पाहिलं आणि तो हळूहळू सोडून दिला. मास्तरांनी टेप सैल सोडली, आणखी सोडली, आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही.