कोपऱ्यातले तात्या

शंकरतात्यांकडं कुणीही कशासाठीही गेलं तरी त्याला आधी स्टुलावर बसावं लागतं. गुडघ्याएवढं लाकडी स्टूल आहे. बसलं की तात्या पाण्याचा तांब्या पुढं करतात आणि पायाशी एक बादली सरकवतात. "चूळ भरा. गिळायची न्हाई, थुकायची." एखाद्यानं चुकून पाणी गिळलंच, तर त्याला दुसरी चूळ भरावी लागते. मग तात्या मनगटावरचं घड्याळ बघतात आणि तुम्हाला एक मिनिट मिळतं. सुखदुःख काय असेल ते त्या मिनिटात बसवायचं. मिनिट भरलं की तात्या ओरडतात, "सेकनौट." मग उठायचं.

यातून पोस्टमन सुटलेला नाही, मीटर बघायला येणारा माणूस सुटलेला नाही. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ एकदा त्यांच्याकडं निवाड्याला आले. तात्यांनी त्यांना समोरासमोरच्या कोपऱ्यात बसवलं आणि आळीपाळीनं चुळा भरायला लावल्या. तिसऱ्या चुळेला धाकट्याला हसू फुटलं, आणि ते भांडण मिटलं नाही तरी त्या दिवसापुरतं मागं पडलं. पुतणीच्या लग्नात तर वरातीत नाचून दमलेल्या नवरदेवाला तात्यांनी मांडवाच्या दारातच स्टुलावर बसवलं होतं. नवरीकडचीच माणसं नवऱ्याला चूळ भरायला लावतात, ही या भागातली जुनी पद्धत असावी असं समजून त्याच्या मामानं आणि करवल्यांनीही रांगेनं चुळा भरल्या.

'सेकनौट' हा शब्द मला बरेच दिवस कानडी वाटत होता. जतकडचा आमचा एक सहकारी कानडी बोलतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आमच्यात असला शब्द नाही, तुमच्यातलाच असेल." पुढं उलगडा झाला. बॉक्सिंगची फेरी सुरू होताना कोपऱ्यातल्या मदतनिसांनी बाहेर जावं म्हणून 'सेकंड्स आउट' असं पुकारतात. तात्यांच्या तोंडात वर्षानुवर्षं घोळून त्याचं सेकनौट झालं. आता तात्यांच्या वस्तीवर मोठी माणसं पोरांच्या खेळात नाक खुपसायला लागली की पोरं म्हणतात, "सेकनौट." एका सुनेनं स्वयंपाकघरात सासूला म्हटलं, आणि सासू गेलीसुद्धा बाहेर.

तात्यांच्या दारात मला माझ्या पोरीनं नेलं. मी पलूसला हायस्कुलात चित्रकला शिकवतो. स्वभावानं भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्गात मुलं कंपास उघडायला लागली तरी मला टोकाची काळजी लागते. असल्या माणसाच्या पोटी सायली आली आणि अकरावीत गेल्यावर म्हणाली, "पप्पा, मला बॉक्सिंग शिकायचंय." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. चार महिने झाले तरी ते उतरेना, तेव्हा मी जागा शोधायला निघालो.

पहिल्यांदा साताऱ्याला गेलो. तिथं सायलीची मावशी असते, सुट्टीत तिच्याकडं राहील असा बेत होता. जिम झकास होती. चारी भिंतींना आरसे, गार हवा, आणि गाणी इतक्या मोठ्यानं की शिकवणारा काय म्हणतो ते त्यालाही ऐकू येत नसावं. तो म्हणाला, "सर, बॉक्सिंग म्हणजे शेवटी कार्डिओच हो." सायली मला बाहेर घेऊन आली.

मग कऱ्हाडला एका तालमीत गेलो. तिथल्या वस्तादांनी सायलीचे खांदे बघितले आणि खूश झाले. "पोरगी दमदार हाय. पर बुक्क्या कशाला मारती? कुस्ती धरू दे." बदाम किती आणि दूध किती, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सांगलीत मात्र खरंखुरं बॉक्सिंग मिळालं. इतकं खरं, की पहिल्याच दिवशी सायलीला तिच्यापेक्षा डोकंभर उंच पोरापुढं उभं केलं आणि तिचं नाक फुटलं. शिकवणारा म्हणाला, "होईल सवय." मी डोळे मिटून तिच्या नाकाला रुमाल लावून बसलो होतो. घरी आल्यावर वैशालीनं, म्हणजे सायलीच्या आईनं, निकाल दिला. "महिन्याभरात धड जागा मिळाली तर ठीक. नाहीतर हातमोजे माळ्यावर." सायलीनं हातमोजे उशाशी घेतले आणि भिंतीकडं तोंड करून पडली. ते बघून मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. आता महिनाभर कळ काढली की सुटलो, असं वाटलं.

महिना संपायला आठ दिवस राहिले असताना आमच्या शाळेच्या शिपायानं तात्यांचं नाव सांगितलं. कुंडलच्या अलीकडं रस्त्याच्या आत एक बंद पडलेली पोल्ट्री आहे, तिथं ते पोरापोरींना शिकवतात. आम्ही गेलो. लांबच लांब बुटकं शेड, बाजूला जाळ्या. कोंबड्या जाऊन बरीच वर्षं झाली असली तरी वास राहिला होता. मधोमध दोरखंड बांधून रिंग केलेली, आणि आढ्याला वाळू भरलेली पोती टांगलेली. साठी ओलांडलेला एक काटकुळा माणूस पुढं आला. त्याचं नाक डावीकडं वाकलेलं होतं.

मी बसलो, चूळ भरली आणि मिनिटातली चाळीस सेकंदं आमची फिरती सांगण्यात घालवली. शेवटी घाईघाईनं विचारलं, "तुम्ही आर्मीत बॉक्सिंगला होता ना?"

"व्हय. एकोनीस वर्सं बॉक्सिंगलाच हुतो की."

नाकाकडं बघून मला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. मग त्यांनी सायलीला बसवलं. तिच्या नाकाकडं बराच वेळ बघितलं.

"कवा फुटलं?"

"तीन आठवडे झाले."

"मग अजून तीन आटवडं तुला कोन हात लावनार न्हाई. तूबी कुनाला लावायचा न्हाई. नुसतं पाय टाकायला शीक. सेकनौट."

मला इतकं हायसं वाटलं की परत येताना मी रस्त्यावरच्या गुऱ्हाळावर दोन ग्लास रस प्यालो. तीन आठवडे सायली खडूच्या रेघांवर मागं-पुढं चालत होती. नंतर हात आले, मग पोतं आलं, आणि दीड महिन्यानं तिच्याच वजनाची जोडीदारीण आली. वैशाली एकदा बघायला आली. तिनंही चूळ भरली आणि विचारलं, "लागलं तर?"

"लागंल की, बाई. पर पोरगी एकली न्हाई. मी हाय कोपऱ्यात."

वैशालीला हे पटलं. मला तर केव्हाच पटलं होतं.

तात्यांची एक गोष्ट मात्र आम्हा पालकांना कळत नसे. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती असते. त्या मिनिटात तात्या पोराला बसवतात, पाणी देतात, आणि टॉवेल तोंडाआड धरून त्याच्या कानाशी लागतात. काय सांगतात ते कुणाला ऐकू येत नाही. तात्या आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातले, त्यामुळं ते बिरोबाचं नाव घेतात, असा एक तर्क होता. मारायची गुप्त जागा सांगतात, असाही एक होता. पोरांना विचारलं तर ती नुसती हसायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना विट्याला एका लग्नात मी पंगतीला नेमका एका निवृत्त सुभेदारांशेजारी बसलो. मी कौतुकानं तात्यांचं नाव काढलं. सुभेदार जिलेबी खायचे थांबले. "शंकर मदने? तो कुठला बॉक्सर? आमच्या टीमची बादली धरायचा तो. आणि भित्रा एक नंबरचा. जिंकत आलेल्या पोरांच्या फाइटी थांबवायचा. शेवटी टीममधनं काढून लंगरात पाठवला त्याला, भाजी चिरायला."

मी पानावरून तसाच उठलो. आपण पोरगी कुणाच्या हवाली केली, या विचारानं तिथून तडक पोल्ट्रीवर गेलो. तात्यांनी बसवलं, चूळ भरायला लावली. सगळं मिनिट मी नुसता धुमसत होतो. मग म्हणालो, "तुम्ही एकही फाइट खेळला नाही?"

"न्हाई."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं, बॉक्सिंगला हुता का. हुतोच की. बादली का धरंना."

"आणि नाक?"

"एडक्यानं धडक दिली. धा वर्साचा हुतो तवा."

मी स्टुलावरून उठलो. तात्या शांतपणे म्हणाले, "आवं मास्तर, मारनाऱ्याला म्होरचाच दिसतो. बादली धरनाऱ्याला दोगंबी दिसत्यात. एकोनीस वर्सं दोगास्नी बगितलं, तेच शिकवतोय. पटत नसंल तर पोरीला न्या."

मी घरी येऊन सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला माहिती आहे. तात्या पहिल्याच दिवशी सांगतात." म्हणजे विचारलं ते फक्त मी, आणि विचारलं तेही चुकीचं. मी तिला तिथून काढली नाही, पण मनात खुट्ट झालं ते झालंच.

पुढच्या महिन्यात सांगलीला स्पर्धा होती. सायलीची पहिलीच फाइट. मी आणि वैशाली पुढच्या रांगेत बसलो होतो. म्हणजे वैशाली बसली होती, मी खुर्चीचे हात धरून होतो. दोन फेऱ्यांत सायली चांगली खेळली. आमच्या मागं बसलेला एक जाणकार म्हणत होता, "निळी पोरगी मारतीय बघा फाइट." निळी म्हणजे आमचीच. शेवटच्या फेरीआधीचं मिनिट सुरू झालं. तात्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि टॉवेल तोंडाआड धरून ते वाकले. सायलीची मान किंचित हलली. तात्या उठले, पंचांकडं वळले आणि त्यांनी तो टॉवेल रिंगमध्ये टाकला, म्हणजे हार मानली.

फाइट संपली. समोरच्या पोरीचा हात वर झाला. आमच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला. मागचा जाणकार तात्यांना ओळखून असावा, तो म्हणाला, "बादलीवाल्याच्या हातात पोरगी दिली की असंच व्हनार." पंच, डॉक्टर सगळ्यांनी सायलीला तपासलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. मग मात्र माझा तोल गेला. इतके दिवस साठलेलं सगळं मी तात्यांपुढं ओतलं. "भित्रे तुम्ही आहात. त्यापायी माझ्या पोरीला कशाला हरवता? ते सुभेदार खरंच बोलत होते."

चार माणसं ऐकत होती. तात्यांनी बादली उचलली. "व्हय मास्तर. माजाच धीर सुटला. चुकलं माजं." एवढंच बोलून ते निघून गेले.

पलूसच्या एसटीत सायली खिडकीशी बसली होती. वैशालीनं तिच्या हातात भडंगाचा पुडा दिला होता, तो तिनं फोडला नव्हता. तासगाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तात्यांना तसं बोलायला नको होतं."

"का?"

"मीच म्हटलं, मला जायचं नाही."

"लागलं होतं का कुठं?" मी विचारलं.

"लागलं नव्हतं काही. नुसती भीती वाटली. एकदम. मागं नाक फुटलं होतं तेव्हा वाटली होती तशी. तात्या दर वेळी एकच विचारतात. सगळ्यांना. 'भ्या वाटतंय का? वाटत असंल तर सांग. मी भ्यालो म्हनून सांगतो, तू गप ऱ्हा.'" तिनं खिडकीबाहेर बघितलं. "आजपर्यंत मी नाही म्हणायचे. आज हो म्हटलं. कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते, पण तुम्ही तसं बोलल्यावर मला राहवेना."

वैशालीनं तिचा हात धरला. मला काय वाटलं ते सरळ सांगतो. जन्मात कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं. सायली तिसरीत असल्यापासून मी तिला सांगत आलो, भ्यायचं नाही, आणि मी स्वतः मात्र रोज भीत आलो. तिला भीती वाटली तर ती कुणाला सांगणार, हे कधी माझ्या मनातही आलं नाही. ते विचारणारा माणूस तिला मिळाला होता. आम्ही महिनाभर जी जागा शोधत हिंडलो, ती हीच होती. मग सुभेदार आठवले, आणि जिंकत आलेल्या फाइटी थांबवल्या म्हणून तात्यांना लंगरात जावं लागलं तेही आठवलं. फौजेतली ती पोरं आता कुठंतरी आजोबा झाली असतील. भ्यालो होतो ते आम्हीच, असं त्यातल्या कुणी तोंड उघडून सांगितलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पोल्ट्रीवर गेलो तेव्हा तात्या उकिडवे बसून बादली घासत होते. शेडमागच्या खोलीत ते एकटेच राहतात. दारात एका माणसाची भांडी पालथी घातलेली होती. मी माफी मागितली. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरीनं सांगितलं व्हय? सांगू नगं म्हनलं हुतं तिला."

"तात्या, असं नाव खराब का करून घेता?"

"मला काय आता सोयरीक जुळवायचीय? माज्या नावाचं काय अडत न्हाई. पोरास्नी अजून लय दिस काढायचं हायत."

मी तांब्यातलं पाणी त्यांच्या बादलीत ओतलं. मग सहज विचारलं, "आणि तुम्हाला कधी भीती वाटली तर?"

त्यांचा घासायचा हात थांबला. "आमाला कोन इचारतंय, मास्तर?"

मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो, कान पुढं केला आणि विचारलं. त्यांनी बादली पालथी घातली. मग त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, अगदी चार-पाच वाक्यांत. ती मी इथं लिहीत नाही. कुणाला सांगू नका म्हणालेत.