सेल्मरने सुचवलेले टायर

ज्या कुणी मोठ्या साहेबाने टायरच्या अंगावर आकडे छापायचा नियम काढला, तो साहेब गुन्हेगार आहे. हे त्याच्या तोंडावर सांगायची तयारी आहे, फक्त ते तोंड कुठं असतं ते कुणीतरी दाखवावं. टायर किती ओझं पेलतो ते छापलं. किती हवा मागतो ते छापलं. बर्फात चालणाऱ्या टायरवर नखाएवढं डोंगराचं चित्रसुद्धा छापलं. आणि ज्याला बर्फ झेपत नाही, त्याच्यावर? काही नाही. कोरं! आता नसलेलं चित्र माणसाने वाचायचं कसं?

सेल्मर हाउगेनने तर ते मुळीच वाचलं नसतं. त्याचा जन्म गावच्या धान्याच्या काट्यावर गेला. ट्रक यायचा, तोलायचा, जायचा. त्याच्या जगात जड तेवढं चांगलं आणि आकडा म्हणजे सत्य. नोकरी संपली तसा काटा सुटला, आकडे काही सुटले नाहीत. पिकअपच्या मागे जड ट्रेलर ओढायचा तर टायर कुठला, रिम कुठली, हवा किती, यावर तो डोरीनच्या कॅफेत रोज सकाळी प्रवचन देऊ लागला.

"टायर दणकट घेतला म्हणजे झालं का?" तो टेबलावर चमचा आपटून विचारायचा. "रिमनेही ओझं पेलायला पाहिजे! रिमकडे कोण बघतं? कुणीच नाही!"

ऑक्टोबरात त्याने स्वतःच धडा घालून दिला. हायवेवर सगळ्यात जास्त ओझं पेलणारे, दगडासारख्या कडक रबराचे चार टायर, आणि आरशासारख्या रिम. पिकअप त्याने डोरीनच्या खिडकीपुढे अशी लावली की आत बसलेल्यांच्या बशीतल्या अंड्यांवर झळाळी पडावी.

"हं," खिडकीशी बसणारा वेंडेल डोळे बारीक करून म्हणाला. "वेगळंच आहे."

मिनेसोटात, अमेरिकेच्या या बर्फाळ राज्यात, याहून जहरी शिवी नाही. सेल्मर जन्माने इथलाच. पण माणसाला कौतुक ऐकायचं असलं की तो शिवीतूनही ते काढून घेतो. दुसऱ्या दिवसापासून तो भेटेल त्याला विचारत सुटला, "घेतलेस का टायर?" या गावात कुणाला तोंडावर नाही म्हणणं थंडीत उघड्या डोक्याने फिरण्याइतकं अवघड. बर्फ पडायच्या आत वेंडेलने घेतले, चर्चच्या पिकअपला घेतले, सेल्मरचा मेव्हणा ऑरिन यानेही घेणार म्हणून सांगितलं. सेल्मरची छाती त्या टायरांसारखी पूर्ण हवेने भरली.

मार्च उजाडला आणि ऑरिनची खोली तळ्यावरून काढायची वेळ आली. तळं गोठलं की चाकांवरची ती खोली आत ओढत न्यायची, चाकं वर घेऊन बर्फावर टेकवायची, तळाच्या भोकातून गळ सोडायचा आणि वसंतापर्यंत बायकोपासून लांब बसायचं, असा इथला हिवाळा. ऑरिनने ती खोली तीन हिवाळे खपून स्वतः बांधली होती. आत बिछाने, शेगडी, सीडरच्या फळ्यांचं छत. ठरलेल्या सोमवारी रात्री बाराच्या आत ती तळ्याबाहेर यायला हवी. नाही आली तर सरकार उचलतं, आणि सरकारने उचलली की खोली राहत नाही, सरपण राहतं. डिसेंबरात ऑरिनचा गुडघा मोडला होता. बर्फावर पाय घसरला, एवढंच तो म्हणायचा.

"मी करतो काहीतरी," ऑरिन फोनवर म्हणाला.

"मी असताना तू कशाला? माझे टायर विसरलास का?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "ते कसे विसरेन."

सोमवारी दुपारी सेल्मर आणि त्याची बायको मार्लिस तळ्यावर पोचले. मार्लिसच्या मांडीवर ऑरिनसाठी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाटा-खिम्याचं गरम हॉटडिश होतं. ऊन छान पडलं होतं, म्हणजे बर्फ वरून पाझरत होता. सेल्मरने खोलीची चाकं खाली घेतली, ती पिकअपला जोडली, किनाऱ्यावर बसलेल्या बघ्यांना हात केला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

चारही चाकं गरगर फिरली. पिकअप जागची हलली नाही.

"थोडी हवा सोड ना," मार्लिस म्हणाली.

"ओझं पूर्ण तर हवा पूर्ण! हे काय मी आज सांगतोय?"

त्याने पुन्हा दाबलं. रिम उन्हात अशा झळकल्या की किनाऱ्यावर एकाने डोळ्यांवर हात धरला. चाकांनी आपापल्या खाली चार गुळगुळीत वाट्या कोरून घेतल्या. सेल्मर उतरला, वाकला, आणि काट्यावरच्या माणसाला सुचावं तेच त्याला सुचलं.

"मागच्या चाकांवर वजन कमी पडतंय. मार्लिस, मागे जाऊन बस."

"कुठं मागे?"

"गाडीच्या हौद्यात. वाळूच्या पोत्याशेजारी."

मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. आज माझा उपयोग पोत्यासारखा?"

"पोत्यापेक्षा तू..." सेल्मर म्हणाला, आणि जिथं थांबायला हवं होतं तिथं थांबला. आयुष्यात थोड्याच वेळा त्याला हे जमलं होतं.

मार्लिस हॉटडिशसकट हौद्यात बसली. चाकं फिरली. वाट्या खोल झाल्या.

वेंडेल पिकअप घेऊन आला. उतरला, मागची लोखंडी पेटी उघडली, आत पाहिलं, सेल्मरकडे पाहिलं, पेटी लावून टाकली. "दोर बांधू या का?" तो म्हणाला. दोर बांधला, दोघांनी ॲक्सिलरेटर दाबला, आणि आता आठ चाकं गरगरायला लागली.

"जरा निसरडंच आहे नाही?" वेंडेल म्हणाला.

"बर्फच खराब!" सेल्मर म्हणाला. "टायर तर बघ, एक ओरखडा नाही!"

मग पास्तरबाई सॉल्वेग चर्चची पिकअप घेऊन आल्या. त्यांनीही सीटमागे हात घातला, सेल्मरवर नजर गेली, हात रिकामा बाहेर काढला आणि तोंडभर हसल्या. त्यांची गाडी वेंडेलच्या पुढे जोडली. बारा चाकं फिरली. तेवढ्यात पायांखालून बर्फ कण्हल्याचा लांबलचक आवाज आला. एका ओळीत तीन पिकअप, मागे खोली, खाली मार्चचा बर्फ. ट्रकांच्या वजनांची बेरीज सेल्मर झोपेतही करायचा. जन्मात पहिल्यांदा त्याला बेरीज करावीशी वाटली नाही.

"ऑरिनला काय सांगशील?" हौद्यातून मार्लिस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. सेल्मरने खोलीकडे पाहिलं. खिडकीला ऑरिनने स्वतः कोरलेली चौकट होती. आपण गावातले शहाणे, आणि हा आपला शहाणपणा, असं त्याला वाटलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्याने टायरला एक लाथ घातली. टायरला काही झालं नाही. अंगठ्याला झालं.

किनाऱ्याकडून खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ असा आवाज आला. ऑरिनची गंजकी पिकअप बर्फावरून सरळ, रेघ मारल्यासारखी येत होती. चाकांना साखळ्या चढवलेल्या, बर्फात रुतून पकड घेणाऱ्या. गाडी थांबली आणि सेल्मर लंगडत तिच्या चाकाशी गेला. साखळ्यांच्या मधून ओळखीचं रबर दिसत होतं.

"ऑरिन, हे माझे टायर!"

"तुझेच," खिडकीतून ऑरिन म्हणाला. "तू सांगितलेलेच."

"मग साखळ्या कशाला? कधीपासून?"

ऑरिनने कुबडी सावरली. "डिसेंबरपासून."

"डिसेंबरात तर तुझा पाय घसरला."

"पाय नाही घसरला, सेल्मर. गाडी घसरली. घरापुढच्या चढावरून उलटी, पत्रपेटी घेऊन खड्ड्यात." तो घाईघाईने म्हणाला, "तसं काही फार लागलं नाही."

सेल्मरने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने मान खाली घालून मागची पेटी उघडली. आत साखळ्या. पास्तरबाईंनी सीटमागून पिशवी काढली. साखळ्या.

"साखळ्या होत्या? आणि तुम्ही नुसते अडकून बसलात?"

"तू समोर उभा होतास ना," वेंडेल म्हणाला.

"तुमच्यादेखत चढवणं बरं दिसलं नसतं," पास्तरबाई म्हणाल्या. "हिवाळाभर कॅफेला येताना आम्ही सगळे जण धान्याच्या कोठारामागे थांबून साखळ्या काढत होतो. निघताना परत चढवायच्या. सकाळी तिथं रांग लागायची हो. कुणीतरी कॉफीसुद्धा आणायला लागलं होतं."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. तिन्ही गाड्यांना साखळ्या चढल्या. ऑरिनकडची जादा जोडी, न बोलता, वेंडेलने सेल्मरच्या मागच्या चाकांना बांधली. खोली करकरली, बर्फावरून सुटली आणि उजेड असतानाच किनाऱ्याला लागली. चौकटीला तडासुद्धा गेला नाही. ऑरिनने आत डोकावून शेगडीवर हात फिरवला आणि म्हणाला, "बरं झालं की सगळं." सेल्मरला हे ऐकवेना. कुणीतरी शिव्या द्याव्यात म्हणून तो आशेने सगळ्यांकडे बघत होता. कुणी देईना.

"अख्खा हिवाळा!" तोच ओरडला. "त्याचा गुडघा मोडला, पास्तरबाई माझ्यापायी रांगेत उभ्या, आणि मी तिथं चमचा आपटतोय! एकालाही तोंड नव्हतं? मला सांगितलं का नाही कुणी?"

सगळे आपापले बूट बघू लागले. फक्त मार्लिस हौद्यातून खाली उतरली, थंडगार हॉटडिश ऑरिनच्या हातात दिलं आणि सेल्मरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आणि सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?" ती म्हणाली. "तिकडं तळ्याकडे काय बघतोस? इकडं बघ. मला सांग, ऐकलं असतंस?"