रांजणातला समुद्र

खेमराज घरी आला तेव्हा त्याच्या अंगात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. रुमालात गुंडाळलेला बटाट्याएवढा काळा दगड पिशवीतून काढून त्याने ओट्यावर ठेवला, दोन घास कसेबसे पोटात ढकलले आणि तो आडवा झाला. या दगडाबद्दल बायकोला दोन शब्द सांगायला हवे होते. उद्या सांगू, असं म्हणून त्याने कूस बदलली आणि दुसऱ्या दिवशी साफ विसरला. पुढचं सगळं रामायण या आळसातून घडलं. तो मात्र त्याला आळस म्हणत नसे, थकवा म्हणे.

थकवा खोटा नव्हता. बालाघाटजवळच्या एका मँगनीजच्या खाणीवरल्या लॅबमध्ये तो केमिस्ट होता. खाणीतून दगड यायचा, खेमराज तो कुटायचा, आम्लात विरघळवायचा, त्यात मँगनीज किती ते काढायचा, की पुढचा दगड हजर. तिकडे कटंगीला त्याची म्हातारी आई एकटी होती आणि तिला दिसेनासं झालं होतं. कटंगीकडच्या खाणीवर बदली द्या म्हणून तो सहा वर्षं विनवत होता. साहेब दर वेळी म्हणत, "तुम्ही गेलात तर इतकं अचूक काम कोण करणार?" काम चोख केल्याची ही शिक्षा होती.

आणि आज साहेबांनी हा दगड हातात ठेवला होता. दिल्लीच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने तो तपासणीसाठी पाठवला होता.

"समुद्राच्या तळातला मँगनीज आहे हा, खेमराज. लाखो वर्षं खाली पडून पाण्यातले धातू स्वतःला चिकटवून घेत बसतो. निकेल, कोबाल्ट, तांबं, जे येईल ते. लॅबमध्ये ठेवू नका, आपल्या दगडांत मिसळला तर ब्रह्मदेवालाही सापडणार नाही. ते सांगतील तेव्हा तपासायचा, तोवर घरी न्या. हा नीट सांभाळलात तर तुमच्या बदलीचं बघू."

साहेबांचं खरं होतं. मागच्याच वर्षी झाडणाऱ्या बाईने एक नमुना उचलून बाहेरच्या ढिगावर फेकला होता. त्या गावात काळ्या दगडाकडे कोण वळून बघतो?

बघत होत्या त्या फक्त बायका. वस्तीच्या विहिरीचं पाणी लोखंडाने लाल. भात पिवळट व्हायचा, धोतरं तांबूस. म्हणून बायका रांजणाच्या तळाशी मँगनीजचा खडा ठेवत. पाण्यातली लाली त्या खड्याला धरते, असं सासवांनी सांगितलेलं. खेमराजच्या बायकोच्या, लीलाबाईच्या रांजणातला खडा केव्हाच फुटून गेला होता. नवरा दिवसभर मँगनीजमध्ये लोळतो, पण घरी एक दगड आणेल तर शपथ. आज आणला, आणि तोही रुमालात गुंडाळून. लीलाबाईला भरून आलं. तिने तो घासून धुतला आणि रांजणात सोडला.

समुद्राच्या दगडाने कमाल केली. तो जाळीदार, ठिसूळ. चार दिवसांत पाणी निवळलं, भात पांढराशुभ्र झाला. खेमराज तो भात रोज जेवत होता, पण त्याला पत्ता नव्हता. शेजारच्या मैनाबाईला होता.

"तुह्या घरचं पाणी असं निर्मळ कसं काय वं?"

"ह्यायनं दगड आणला. खोल खाणीतला दिसते."

"मले दे ना थोडे दिवस. पाव्हणे येऊन राह्यले घरी."

दगड मैनाबाईच्या पितळी गुंडात, म्हणजे पाण्याच्या घागरीत गेला. पाहुणे गेले तरी दगड तिथेच राहिला. तिथून तो पलीकडच्या तुळसाबाईच्या तांब्याच्या हंड्यात उतरला. शेजारधर्माला नाही म्हणायची खाणीवरल्या लोकांच्या त्या चाळीत रीत नव्हती.

असा बराच काळ लोटला आणि साहेबांचा निरोप आला, "दिल्लीचे शास्त्रज्ञ परवा येत आहेत. दगड तपासून ठेवा."

खेमराज घरी पळत आला. "लीला, ओट्यावरचा दगड कुठी हाय?"

"रांजणात टाकला न. तुमीच तं आणला."

"रांजणात?"

"आता नाही तिथं. मैनाबाईनं नेला."

खेमराज तसाच दाराकडे वळला. "समुद्रातला होता वं तो."

"मंग सांगाचं नाही काय? मले काय सपन पडन?"

दगड तुळसाबाईकडे मिळाला. हंड्यात हात घालून काढताना ती नाराजच होती. "घेऊन जा भाऊ. पण असाच दुसरा आणून देजा. साध्या खड्यानं असं पाणी होत नाही."

खेमराजने दगड वाळवला, कुटला, तपासला. तांबं भरपूर निघालं. जस्त तर इतकं, की त्याने पुन्हा तपासलं. पुन्हा तेवढंच. दगडाचा काही दोष नव्हता. समुद्रात जे करत होता तेच त्याने चाळीत केलं होतं. मैनाबाईचं पितळ आणि तुळसाबाईचं तांबं, पाण्यातून जे आलं ते त्याने इमानाने धरून ठेवलं. पण बदलीकडे पाहून खेमराजने आकडे जसेच्या तसे दिले.

दिल्लीचे शास्त्रज्ञ हरखले. असं जस्त त्यांनी कुठल्याच समुद्रात पाहिलं नव्हतं. आकडे घेऊन ते आनंदाने परतले. साहेबांनी खेमराजच्या पाठीवर हात ठेवला.

"आता देशातले सगळे समुद्री दगड आपल्याकडे येणार. तपासणार तुम्हीच. बदलीचं आता विसरा."

खेमराजला आईचा चाचपडणारा हात आठवला. आता गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्याने रांजणापासून हंड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"दगड कुठं कुठं गेलता, ते समद्या चाळीले माहीत हाय. जस्त कुठून आलं, ते फक्त मले."

साहेबांनी बदलीचा अर्ज काढला आणि सही ठोकली. "उद्या सकाळच्या गाडीने कटंगीला निघायचं. दिल्लीने विचारलंच, तर तपासणारा माणूस आता इथे नाही, असं मी कळवीन."

सहा वर्षं एक आकडा चुकू दिला नाही, तर बदली मिळाली नव्हती; एक दगड बिघडला आणि लगेच मिळाली. हसावं की रडावं हे त्याला कळेना. घरी येऊन त्याने लीलाबाईला सगळं सांगितलं. ती भांडी पोत्यात भरता भरता थांबली.

"मंग एक ध्यानात ठेवजा," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर पयल्याच महिन्यात एखादं काम बिघडवा. साहेब होऊन जासान."