उंबरवाडीची डोली पावणेचार तासांत

"डोलीत कोन निजनार?" या एका प्रश्नावर उंबरवाडीची बैठक सकाळपासून अडून बसली होती. धडधाकट माणसाने डोलीत निजायचे म्हणजे अपशकुन, आणि आजारी माणूस त्या आठवड्यात वाडीत औषधालासुद्धा नव्हता. एरवी घरटी एकजण कण्हत असतो. आता गरज पडली तर सगळे मेले टुणटुणीत!

गोष्ट छत्तीस सालच्या चैत्रातली. पुण्याच्या काही दानशूर मंडळींनी डोंगरी मुलखासाठी एक फंड उभा केला होता. त्यातून हिर्डोशीच्या वरच्या खोऱ्यात एक शिकलेली नर्सबाई आणि औषधांची पेटी कायमची बसवायची होती. एकाच ठिकाणी. मागणी मात्र दोन वाड्यांची: नीरा नदीच्या अलीकडची उंबरवाडी आणि पलीकडची सालपेवाडी. मध्ये पूल नाही. पावसाळ्यात चार महिने ही वाडी त्या वाडीला नुसती बघत बसते.

फंडाचे सेक्रेटरी हिर्डोशीला आले आणि दोन्ही वाड्यांच्या पाटलांना म्हणाले, "तुमचा आजारी माणूस भोरच्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, ते मला पाहायचंय. उंबरवाडीनं सोमवारी निघावं, सालपेवाडीनं मंगळवारी. सूर्य उगवला की निघा. मी भोरला घड्याळ घेऊन बसतो."

आता वाचकहो, तुम्ही शहाणे आहात. जितका उशीर तितकी गरज मोठी, हे तुम्हाला लगेच कळले. उंबरवाडीला त्यातला एकच शब्द कळला, तो म्हणजे घड्याळ. घड्याळ लावणार म्हणजे शर्यत!

यात त्यांचाही सगळा दोष नव्हता. चार वर्षांपूर्वी श्रावणात उंबरवाडीच्या गेनबा पाटलाची बायको फुलाबाई पोटातल्या कळांनी तडफडू लागली. डोलीत घालून तिला भोरला न्यायला निघाले. पण निगुडघरच्या अलीकडे एका आंब्याखाली खांदा बदलायला डोली टेकवली, तेव्हा फुलाबाई गेलेली होती. पुढच्या बाजारी सालपेवाडीचा चिमाजी पाटील चारचौघांत बोलून गेला, "उंबरवाडीचे गडी दमले, म्हनून बाई हकनाक गेली." तेव्हापासून डोलीचे गडी गेनबाच्या नजरेला नजर देत नसत. त्यांतला म्होरक्या मानसिंग तर गेनबाचा सख्खा पुतण्या. आणि आता गेनबाची सून रतन पाच महिन्यांची गरोदर होती. दिवस भरणार होते ते नेमके श्रावणात. म्हणून गेनबाला ती नर्सबाई अलीकडच्या काठावर हवी होती. बाकी त्याला कशाचीच हौस नव्हती.

"म्या निजते," शेवटी ठकुबाई म्हणाली. ही गेनबाची आत्या, सत्तरीची, वाडीची सुईण. "माजं काय वाईट व्हायचं राहिलंय? आन म्या हलकी बी हाय."

"हलकी हाय, हे लई ब्येस झालं," मानसिंग म्हणाला. इथेच पहिली चूक झाली.

मग चुकांना पूर आला. एरवी डोलीला चार गडी मिळायची मारामार. त्या दिवसासाठी मानसिंगने कोसाकोसावर ताज्या दमाचे चार-चार गडी उभे केले. वाटेवरच्या बोरीबाभळी तोडल्या. चैत्रातले ओढे कोरडेच, तरी त्यांत सपाट दगड मांडले. डोली म्हणजे काय, एक बांबू आणि त्याला बांधलेली घोंगडी. पण तो बांबूसुद्धा तेल लावून गुळगुळीत केला. लग्नाच्या वरातीला झाली नसेल एवढी तयारी!

सोमवारी सूर्य उगवला आणि डोली सुटली. चालली नाही हो, सुटली! आतून ठकुबाई पहिल्या कोसातच ओरडू लागली, "आरं मेल्यांनो, हळू! आतडी तोंडात आली माजी!"

"काय सोंग घेतीया म्हातारी!" मानसिंग धापा टाकत म्हणाला. "आक्षी आजारी मानसावानी. चला रं, जोरानं!"

ती जितकी ओरडे तितके ते पळत. मागून काठी टेकत गेनबा धावत होता. निगुडघरचा तो आंबा कधी मागे पडला हे त्याला कळलेही नाही. खांदा बदलायला तिथे कुणी थांबले नाही. फक्त मानसिंगने मान दुसरीकडे वळवली आणि पाय आणखी उचलला.

भोरच्या दवाखान्याच्या ओट्यावर सेक्रेटरी चहा पीत होते. दहा वाजून पाच मिनिटांनी डोली समोर टेकली. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिले.

"पावणेचार तास? आठ कोस? तुम्ही रात्रीच निघाला असाल!"

आता तरी गप्प बसावे की नाही? पण गेनबा पुढे झाला. "भैरोबाची आन, साहेब. सूर्व्या उगवल्याबिगर पाय उचलला न्हाई."

सेक्रेटरी डोलीपाशी वाकले. "आजी, फार त्रास झाला का?"

ठकुबाईचा चेहरा हिरवा पडला होता, दोनदा उलटी झाली होती, कमरेचा काटा ढिला झाला होता. तिने एकदा घामाने निथळणाऱ्या पोरांकडे पाहिले. वाडीचे नाक तिच्या हातात होते.

"कसला तरास? पाळन्यात निजल्यावानी वाटलं," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी ते लिहून घेतले.

मंगळवारी सालपेवाडी निघाली. डोलीत स्वतः चिमाजी पाटील, वजन अडीच मण. गड्यांनी तासाभरात न्याहारी सोडली, मग तंबाखू, मग नदीवर आंघोळ. दुपारी डोलीत चिमाजी घोरू लागला, तसे गडीही सावलीला कलंडले. भोरला पोचले तेव्हा दिवस मावळत होता आणि सेक्रेटरी काळजीने येरझारा घालत होते.

ज्येष्ठात निकालाचे पत्र आले. शाळामास्तरांनी ते पारावर वाचून दाखवले. सालपेवाडीची स्थिती फार दयनीय, सबब नर्सबाई व औषधपेटी तिकडे द्यावी. उंबरवाडीची व्यवस्था अत्युत्तम, तीस मदतीची गरज दिसत नाही. मात्र गावकऱ्यांच्या कौतुकार्थ सोबत एक ढाल पाठवली आहे. ढाल पितळेची होती, परातीएवढी. तिच्यावर कोरले होते: "उत्कृष्ट व जलद डोलीबद्दल."

ठकुबाई उठून घरात गेली आणि दोन दिवस जेवली नाही. "एवढं एक खरं बोलायला काय झालं व्हतं माज्या जिभंला?" असे म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेई.

पारावरून सगळे पांगले तरी मानसिंग तिथेच बसून होता. "काका," तो खाली बघत म्हणाला, "काकीला नेताना असं पळालो असतो, तर वाचली असती का वं?"

गेनबाने चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला. "येडा हाईस का? त्या दिशी पाऊस व्हता. वढे छातीला लागत व्हते. कोन पळनार?"

"मग ह्ये साहेबाला का न्हाई सांगितलं?"

बोरी तोडल्या, बांबूला तेल लावले, भैरोबाची आण घेतली, आणि एवढे एक सांगायचे राहून गेले होते. त्या दिवसापासून गेनबाचे जेवणावरचे लक्ष उडाले.

श्रावणात एका सकाळी, दिवस कासराभर वर आला असताना, रतनला कळा सुरू झाल्या. ठकुबाईने पोट चाचपले आणि तिचे हात थांबले. "मूल आडवं हाय, गेनबा. ह्ये माज्या हाताभाईर हाय."

डोली उचलली. ढाल मिळवणारे तेच गडी, तोच बांबू. चारशे पावलांवर पहिला ओढा लागला, तो दोन्ही काठ सोडून वाहत होता. मानसिंग गळ्यापर्यंत उतरला आणि वाहता वाहता वाचला. डोली परत फिरली. नदीपलीकडे नर्सबाईच्या खोलीची पांढरी भिंत समोर दिसत होती, पण पाण्याच्या आवाजात हाका कुठल्या पोचणार?

मानसिंग घरात धावला, भिंतीवरची ढाल ओढून काढली आणि काठावर उभा राहून धोंड्याने बडवू लागला. पलीकडे माणसे बाहेर आली, बघून आत गेली. तो बडवतच राहिला. ढालीला पोचे आले, त्याच्या हाताला फोड आले. गेनबा घरात आणि काठावर, काठावर आणि घरात करत होता. आतून रतनचा आवाज बारीक होत चालला होता.

दुपार कलल्यावर पलीकडून वाळक्या भोपळ्यांची सांगड पाण्यात पडली. तिच्यावर पदर खोचून, डोक्याला पिशवी बांधून नर्स सगुणाबाई बसली होती, आणि सांगड ढकलत पोहत होता अख्ख्या खोऱ्यातला आळशी माणूस, चिमाजी पाटील.

"आमाला वाटलं, ढालीचं कवतिक चाललंय तुमचं," तो काठावर कोसळत म्हणाला. "लई येळ झाला वं, पाटील. कळलंच न्हाई." त्याला गेनबाच्या डोळ्यांकडे बघवेना.

सगुणाबाई आत गेली. दोन घटका गेल्या. मग एक बारीक, चिरका आवाज आला. मुलगी होती. रतनही शुद्धीवर होती.

"पसरट भांडं द्या, आंघोळ घालायला," आतून हाक आली. ठकुबाईने मानसिंगच्या हातातली ढाल हिसकावली, पालथी होती ती उताणी केली आणि तिच्यात ऊन पाणी ओतले.

संध्याकाळी सगुणाबाईने फंडाची वही काढली. "हे रकाने मला भरून पाठवावे लागतात. मदत मिळायला किती वेळ लागला?"

मानसिंगची छाती सवयीने फुगली. "कसला येळ, बाई? उंबरवाडीला काय—"

"गप, मुडद्या!" ठकुबाई आतून कडाडली. "खरं सांग!"

गेनबा नातीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"लिवा, बाई," तो म्हणाला. "कासराभर दिवसापासनं दुपार कलंस्तवर. आन त्याच्याम्होरं येवढं लिवा, की पाऊस व्हता."