चालत्या भागाची पूजा

त्या शनिवारी उस्मानपुऱ्यातल्या घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. म्हणजे कारभारी अप्पा लॅपटॉपवर ओरडत होते आणि लॅपटॉप त्यांना दाद देत नव्हता.

अप्पा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी बिघाड दिसला की त्यांच्या अंगात यायचं. मुलाने, इंद्रजीतने, नवा घेतल्यावर टाकून दिलेला हा लॅपटॉप त्यांनी जणू दत्तक घेतला होता. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन कपबश्या विसळून व्हायच्या, आणि जरा रमला की आपोआप बंद पडायचा.

"भंगारात द्या की आता, अप्पा," तनुजा म्हणाली. ती थोरली, कॉलेजात इतिहास शिकवायची.

"मशीन ठणठणीत आहे. आतली सिस्टीम जड झालीय. म्हाताऱ्याला रोज पुरणपोळी चारल्यावर काय व्हईल? ह्याला ताक-कण्या पाहिजेत."

ताक-कण्या म्हणजे लिनक्स नावाची हलकी सिस्टीम. ती त्यांनी ओळखीच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये भरूनही आणली होती.

"एकदा उघडून तरी बघा."

"चालत्या मशीनला पाना लावत नसतात. उद्या बसू आपण दोघं."

बिघाड मिक्सरचा असो की शेजारच्या नानासाहेबांच्या गुडघ्याचा, अप्पा सांगतील तेच कारण. त्यावर घरात अपील नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा झोपेतच गेले.

उन्हाळा लागला तेव्हा इंद्रजीतचा पुण्याहून फोन आला. "ताई, रविवारी येतोय. अडगळ काढून टाकू. ते डबडंसुद्धा."

"ते चालणार आहे."

"कोण म्हणतं?"

"अप्पा."

"बरं," इंद्रजीत म्हणाला, "मी येईपर्यंत चाललं, तर राहू दे."

तनुजाने त्याच दुपारी पेनड्राइव्ह लावला. आता प्रश्न लॅपटॉपचा उरलाच नव्हता. अप्पांचा शब्द खरा ठरवायचा होता. मशीन चालू होताना ऐन वेळी एक बटण दाबायचं असतं. बाकी सगळ्यात गोगलगाय असलेला लॅपटॉप नेमका तेवढ्या क्षणाला हरणासारखा पळायचा. शेवटी तिने बोट बटणावरून उचललंच नाही, तेव्हा कुठे ताक-कण्या ताटात पडल्या. निम्म्यापर्यंत काम गेलं आणि पडदा काळा.

पुन्हा सुरुवात. पुन्हा निम्म्यावर काळा.

आईने, आवडाबाईंनी, हात लावून पाहिला. "अगं बाई, तापलंय की हे! उचल, कूलरपुढं ठिव."

कूलरचा वारा लागला, पण त्याबरोबर पाण्याचे तुषारही उडाले. म्हणून आईने लॅपटॉपवर प्लास्टिकचा कागद पांघरला. त्याने तो आणखी तापला. मग तिने माठ खाली उतरवला आणि माठाच्या तिवईवर लॅपटॉप बसवला, खालून वारा लागावा म्हणून. माठ ठेवायला जागा नव्हती. तो अप्पांच्या आरामखुर्चीत बसला. एवढा मान मिळूनही लॅपटॉप निम्म्यावरच गेला.

"आता मात्र पाना लावते," तनुजा म्हणाली.

"ते म्हणायचे, चालत्या मशीनला..."

"आई, हे चालतंय कुठं?"

अप्पांचा पेचकस घेऊन तिने पाठीमागचं झाकण काढलं. आतला बोटभर पंखा हलत नव्हता. त्याच्या पात्यांत तांदळाचे दाणे होते. हळदीची वडी झाली होती. एका कोपऱ्यात झेंडूची पाकळी.

"ह्या अक्षता कुठून आल्या?"

"दसऱ्याच्या," आवडाबाई सहज म्हणाल्या. "दरवर्षी करायचे ना पूजा. कंपनीतला नियम होता त्यांचा. मशीनची पूजा वरवर करायची नाय, चालत्या भागाची करायची. मी म्हणलं, ह्याच्यात काय चालतंय? तर म्हणले, पंखा. मग त्या जाळीतून एकेक दाणा सोडायचे. लई भक्तीनं."

तनुजाने दाणे तळहातावर घेतले. मग ती हसायला लागली, इतकी की आवडाबाईंनी घाबरून पाणी आणलं, आणि मग त्याही पदर तोंडाला लावून हसत बसल्या. अप्पा गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

पंखा ब्रशने साफ केल्यावर तो गरगरला. या वेळी काम शेवटापर्यंत गेलं. निळा पडदा उजळला, तोही चहाचं आधण उकळायच्या आत. तनुजाने मोबाइलवर इंद्रजीतला दाखवला.

"अरे वा! कोणत्या मेकॅनिकनं केलं?"

"मेकॅनिक कशाला पाहिजे?" आवडाबाई मागून गरजल्या. "फिटरची पोरगी हाय ती!"

फोन ठेवून तनुजा भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहिली. अप्पा त्यातही कशाचं तरी निदान करत असल्यासारखे बघत होते.

"अप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "चुकलं तुमचं."

आवडाबाईंनी दचकून फोटोकडे पाहिलं. अप्पांनी पहिल्यांदाच कुणाचं तरी निमूट ऐकून घेतलं होतं.

म्हणून मग तनुजाने पुढचंही सांगून टाकलं. "तुमची पोरगी म्हणून सगळीकडं मिरवत आले मी. फक्त तुम्हालाच सांगायचं राह्यलं."