पाच फुटी पातं आणि लिओनेल

"यंदा तुझ्या भावाला अंगणात चाक घालू देणार नाही! लिहून ठेव!" ऑक्टोबरातच ओनेझिमने बायकोला बजावलं.

क्लोदेतने काही लिहिलं नाही. तिचा भाऊ लिओनेल गेली अकरा वर्षं दर बर्फाला ट्रक घेऊन यायचा, दहा मिनिटांत वाट साफ करायचा आणि मग दोन तास स्वयंपाकघरात ठाण मांडून लोणी फासलेले प्लॉय, म्हणजे धिरडीच, हाणायचा. धिरड्यांचं काही नाही हो! पण दर घासाला "दाजी, मी नसतो तर तुम्ही एप्रिलपर्यंत घरातच!" हे कोण ऐकून घेणार? तीस वर्षं शाळेची बस बर्फातून हाकलेला माणूस ओनेझिम!

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घरात होताच. त्याला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलं की लिओनेलची कटकट संपली! ओनेझिम ताठ मानेने रोझेरच्या दुकानात शिरला.

"चार फुटी की पाच? लोखंडी की प्लास्टिकचं? सरळ की तिरकं होणारं? हाताने उचलायचं की बटणाने?" रोझेरने एका दमात विचारलं.

तेवढ्यात गिऱ्हाइकं जमली. एक म्हणे लोखंडीच घ्या, दुसरा म्हणे लोखंडी खडीत अडकतं, तिसरा म्हणे पातं कशाला, वसंताची वाट बघा! ओनेझिमच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी "चार फुटी" म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोच मागून ओळखीचा आवाज आला.

"दाजी, तुमच्या खेळण्याला चार फुटी पुष्कळ झालं!"

"पाच!" ओनेझिम गरजला. "पाच फुटी! लोखंडी!"

"अहो, पण मागे वजन..." रोझेर म्हणाला.

"बांधून द्या!"

डिसेंबरात दीड फूट बर्फ पडला. ओनेझिमने ऐटीत पातं खाली सोडलं. पातं बर्फात घुसलं आणि बसलं! मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. त्याने उतरून ट्रॅक्टरला तीन प्रदक्षिणा घातल्या. काही कळेना. शेवटी रोझेरला फोन लावला.

"तेच सांगत होतो! पुढे एवढं लोखंड, मग मागे नको का वजन? दोनशे पौंड तरी हवेत!"

ओनेझिमने मागे बटाट्यांची पोती बांधली. पहिल्याच धक्क्याला पोती फुटली आणि अंगणभर बटाटे!

"क्लोदेत, जरा मागे उभी राहतेस?"

"मी दोनशे पौंडांची वाटते तुम्हाला?"

ओनेझिम वाकून बटाटे वेचू लागला.

रस्त्यावर हॉर्न वाजला. लिओनेल ट्रकमधून उतरून चालत आला. "चाक घालायचं नाही म्हणे! बघा, पायी आलोय."

ओनेझिमने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पोटाकडे पाहिलं. अकरा वर्षांची धिरडी!

"चढ मागे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

लिओनेल मागे उभा राहिला आणि ट्रॅक्टर सुतासारखा सरळ चालला. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला, पण वाट साफ झाली.

"ताई, आज चारच टाक हं," लिओनेल टेबलाशी बसत म्हणाला. "डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय."

ओनेझिम दचकला. त्याने लोण्याचं भांडं स्वतः उचलून मेव्हण्यापुढे सरकवलं.

"असं कसं? पोटभर खा! अजून सहा घे!"

क्लोदेत तव्यापासून वळली. "अहो, हे लिहून ठेवू का?"