आर्डिसला घुमटात पोचवताना

माझी योजना इतकी पक्की होती की तीत चूक व्हायला जागाच नव्हती! बायकोची राख डब्यात भरायची, शेवटच्या सामन्याला घुमटात, म्हणजे आमच्या छतवाल्या स्टेडियममध्ये जायचं, तिच्या नेहमीच्या खुर्चीखाली ती हळूच ओतायची आणि सामना बघून घरी यायचं. बस्स!

आर्डिस नोव्हेंबरात गेली. आमच्या मिनेसोटात हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी होते; माणसाला पुरायलासुद्धा वसंताची वाट बघावी लागते. तिला थंडीचा फार तिटकारा. "ओर्लिन, मला त्या बर्फात ठेवू नकोस हं," ती म्हणाली होती. "घुमटात ठेव. तिथं ऊब असते."

तो घुमट सगळ्या शहराला नकोसा होता! छत म्हणजे नुसतं कापड, पंख्यांच्या हवेवर फुगवलेलं, ढेकर अडकलेल्या म्हाताऱ्याच्या पोटासारखं. बर्फाच्या ओझ्यानं ते फाटून खाली यायचं, आणि हे काही एकदाच झालं नाही. पांढऱ्या छताखाली पांढरा चेंडू दिसेनासा व्हायचा. गवत प्लास्टिकचं. पण बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी असताना आर्डिस तिथं अर्ध्या बाह्यांत बसायची. खेळातलं तिला काही कळत नसे. आता तो पाडून तिथंच नवा बांधणार होते.

"अरे, थोड्या दिवसांत पाडणार आहेत तो!" मेव्हणा ड्वेन गाडीत म्हणाला.

"तिनं सांगितलं तेव्हा पाडणार नव्हते."

"मग दुसरीकडे कुठे तरी..."

"ड्वेन, पुढं बघून गाडी चालव."

फिरत्या दारातून आत शिरलं की लगेच तपासणी; तिथं व्हर्ना नावाची बाई होती. राख ज्यात होती, तो आर्डिसचा चर्चला वड्या न्यायचा डबा.

"काय आहे आत?"

"लिंबाच्या वड्या," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर अख्खी रांग हळहळली असती, आणि चारचौघांत दुःख उघडं करणं म्हणजे आमच्याकडे चड्डीवर फिरण्यासारखं!

"बाहेरचं खाणं नेता येत नाही हो. पण वास घरच्या वड्यांचाच येतोय बरं का!"

आता आमची रीत अशी, की कोणी खाण्याचं कौतुक केलं की त्याला द्यायचं. त्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं.

"घ्या ना एक," माझी जीभ बोलून गेली.

"नको हो, आत्ताच जेवले."

"घ्या, लहानशीच आहे."

"नाही नाही, उगाच कशाला!"

इथं गप्प बसायचं होतं! पण आर्डिसनं जन्मभर लावलेलं वळण! "अहो, घ्याच!"

"इतकं म्हणताय तर..." तिनं डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण काढलं.

"थांबा! डबा गाडीत ठेवून येतो!" ड्वेन ओरडला, आणि फिरतं दार सोडून त्यानं बाजूच्या साध्या दाराला खांदा दिला. बिचारा पहिल्यांदाच आला होता. ते दार उघडलं की छत फुगवणारी हवा सगळी बाहेर धावते, हे त्याला कोण सांगणार?

भस्स्! आधी ड्वेनची टोपी गेली, मग ड्वेन गेला, मग आर्डिस.

बाहेरच्या रांगेवर करडा ढग उतरला. "आज बर्फ जरा कोरडाच पडतोय," कोणी तरी म्हणालं.

व्हर्नानं सगळा जोर लावून दार ओढून घेतलं. रिकाम्या डब्यात पाहिलं. मग माझ्याकडे.

"वड्या नव्हत्या."

"नाही."

"कोण?"

"बायको. तिला आत, उबेत राहायचं होतं."

व्हर्ना फिरत्या दाराकडे वळून कडाडली, "या, आत या सगळे! आणि कपडे झटकू नका! खबरदार, कोणी झटकलं तर!"

माणसं एकेक करून आत आली. टोप्यांवर, खांद्यांवर, मिशांवर आर्डिस! सगळ्यात शेवटी ड्वेन, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. तो रडत होता.

"ओर्लिन, मी तिला..."

"चल, तिच्या खुर्चीवर बस. आणि जरा टाळ्या वाजव जोरात."

त्यानं सामनाभर टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंसाठी!

मध्यंतरात मी माझा कोट काढून उजेडात धरला. कॉलर पाहिली, बाह्या पाहिल्या, खिसे उलटे केले. एक कणसुद्धा नव्हता. असणार कसा? मी आतल्या बाजूला उभा होतो ना, आणि वारा बाहेर जात होता.